आईसमोर स्वस्थ बसणं

आईच्या पित्ताशयातले खडे काढायचं ठरलं, त्याच आठवड्यात एका डॉक्टरनं मला वर्गभर पोरांसमोर आजारी ठरवलं. तेही अशा जागी, जिथे धडधाकट दिसण्याचाच मला पगार मिळतो.

मी चित्रकलेच्या कॉलेजात मॉडेल म्हणून उभा राहतो. एका चड्डीवर, लाकडी चौथऱ्यावर, आणि पोरं भोवती बसून मला कागदावर उतरवतात. हसायचं असेल तर हसून घ्या, माझ्या सासऱ्यांनीही घेतलं होतं. पण आमच्या मास्तरांना विचारा. ते खडूनं माझ्या अंगावर रेघा ओढून शिकवतात. "हा डेल्टॉइड. खांद्यावर पालथी घातलेली वाटी. खाली दंडाच्या मध्यावर हाडाला चिकटतो. आणि एक कायमचं लक्षात ठेवा, स्नायूला ढकलता येत नाही, फक्त ओढता येतं. कोपर वाकवताना पुढचा ओढतो आणि मागचा सोडतो. सरळ करताना मागचा ओढतो, पुढचा सोडतो. चित्रात दोन्ही फुगवलेत तर तो माणूस नाही, बटाट्यांचं पोतं." मग माझ्या पाठीवर थाप मारून म्हणतात, "आणि हे सगळं कसलाही व्यायाम न करता. लाखात एक!" पोरं मला पुतळा म्हणतात. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू. आयुष्यात दुसऱ्या कशासाठी कोणी माझ्याकडे वळून पाहिलेलं नाही.

घरात मात्र पुतळा मी एकटाच. आईच्या पायाला जन्मापासून भिंगरी आहे. तिनं लाँड्रीत उभ्यानं इस्त्री करत हयात घालवली, आणि काम सुटलं तरी बूड टेकायला ती काही शिकली नाही. उभ्यानं चहा, उभ्यानं जेवण, शेंगा सोलायच्या त्याही या खोलीतून त्या खोलीत. माझी थोरली बहीण टपाल वाटते. सुट्टीच्या दिवशी ती आमच्याकडे येते आणि दारापासून खिडकीपर्यंत येरझारा घालून परत जाते. माझी बायको बसणाऱ्या घरातली आहे. ती म्हणते, "तुमच्या आईकडे गेलं की स्टेशनवर उभं राहिल्यासारखं वाटतं. कोणाची गाडी चुकलीय तेवढं कळत नाही."

चुकलेली गाडी वगैरे काही नाही, आम्ही थिजतो. हा आमचा घरातला शब्द. बराच वेळ एका जागी बसून एकदम उठलं की मांड्या-पोटऱ्यांचं लाकूड होतं. मूठ आवळली की पटकन उघडत नाही. मागून कोणी दचकवलं तर उभ्याचे आडवे. नेट लावून दहा-बारा पावलं टाकली, मूठ चार-सहा वेळा उघडमीट केली, की सगळं मोकळं, काही झालंच नव्हतं असं. हे आईच्या माहेरचं देणं. आईच्या मते हा आजार नव्हे, आळसाची शिक्षा. "हलतं राहा, थिजणार नाहीस," एवढाच तिचा उपाय. आणि परक्यासमोर थिजणं म्हणजे घराण्याची अब्रू वेशीला टांगणं. मी रोज परक्यांसमोर कपडे उतरवतो, त्याचं तिला काही नाही.

म्हणून आमच्याकडे जिना असायचा. शाळेतली तपासणी असो, नोकरीची असो, नाहीतर साधा ताप असो, डॉक्टरच्या खोलीत शिरण्याआधी आई आम्हाला मुठी उघडमीट करत जिना चढायला आणि उतरायला लावायची. अंग सैल झालं की मग आत. डॉक्टर म्हणायचे हात दाब, सोड, खाली बस, उठ. आम्ही सगळं फटाफट करायचो आणि ठणठणीत असा शेरा घेऊन घरी यायचो. पिढ्यान्‌पिढ्या ठणठणीत. निरोगी ठरण्यासाठी इतकी मेहनत करणारं दुसरं खानदान नसेल.

चौथऱ्यावरचं काम मला जमलं तेही यामुळेच. स्थिर राहण्यात मला काडीचा त्रास नाही, त्रास आहे तो त्यातून बाहेर येण्यात. घंटा झाली की मी एकेक बोट, मग मनगट, मग मान असं सावकाश सोडवत उतरतो. मास्तरांना वाटायचं ही माझी कला आहे.

त्या दिवशी मास्तरांनी बाहेरगावचे एक डॉक्टर व्याख्यानाला बोलावले होते. बुटके, हसतमुख, कोटाच्या खिशात रबरी हातोडी. मी तासभर उभाच होतो. त्यांनी माझा एक पाय उचलून धरत गुडघ्याखाली हातोडी मारून दाखवली, पाय उडाला, पोरं हसली. मग जाता जाता त्यांनी माझ्या अंगठ्याच्या बुडाशी, तळहाताच्या फुगीर भागावर एक टकोरा दिला. अंगठा आत वाकला आणि वाकलेलाच राहिला. सावकाश, अगदी नाइलाजानं उघडावा तसा उघडला. पोरं पुन्हा हसली. डॉक्टर या वेळी हसले नाहीत.

"माझं बोट घट्ट धरा," ते म्हणाले. मी धरलं. "आता सोडा."

सुटेना.

"व्यायाम करता?"

"नाही."

"लहानपणापासून असंच?"

"असंच."

"घरात आणखी कोणाला?"

झाकली मूठ सव्वा लाखाची, हे आईचं आवडतं वाक्य. इथे माझी झाकलेली मूठ डॉक्टरांच्या बोटाभोवती होती आणि अख्खा वर्ग माना उंच करून बघत होता.

डॉक्टर पोरांकडे वळले. "याला मायोटोनिया म्हणतात. आवळायचा निरोप स्नायूला वेळेवर मिळतो. सोडायची वेळ आली की निरोप थांबतो, पण स्नायू थांबत नाही, आपला आतल्या आत धुमसत राहतो. पाच-सहा वेळा हालचाल केली की शांत होतो. यांचं अंग दिवसभर नकळत आवळतंय, म्हणून हे दंड आणि ही पाठ. जन्मजात असतं, एरवी जिवाला धोका नाही." मास्तर माझ्याकडे असे बघत होते, जणू घेतलेलं सोनं पितळ निघालं. मला त्या डॉक्टरचा भयंकर राग आला. इतकी वर्षं जे एकच माझं म्हणून मिरवलं, तेही आजाराचं निघालं.

मी पडद्यामागे कपडे घालत होतो तेव्हा ते आत आले. "एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवा. तुमचं किंवा घरातल्या कोणाचंही ऑपरेशन असलं, तर भूल देणाऱ्या डॉक्टरला आधी सांगायचं. भूल देताना अंग ढिलं पडावं म्हणून एक औषध टोचतात. त्या औषधानं बाकीच्यांचं अंग ढिलं पडतं, तुमचं उलट आवळेल. जबडासुद्धा. मग श्वासाची नळी आत घालता येत नाही."

शर्टाची बाही माझ्या हातात तशीच राहिली. आईचं ऑपरेशन पुढच्याच आठवड्यात होतं.

संध्याकाळी आईकडे गेलो. ती धुतलेले कपडे घड्या करत खोलीभर फिरत होती आणि ताई तिच्यामागून फिरत होती. मी मधे उभा राहून सांगितलं. आईनं सगळं ऐकून घेतलं, म्हणजे निदान पावलांचा वेग कमी केला नाही.

"आजार? आजार असता तर तुम्हा दोघांना वाढवलं असतं का मी? ओल्या चादरी पिळल्यात या हातांनी."

"आई, ते डॉक्टर आहेत."

"चित्रांच्या शाळेतला ना? उघड्या माणसांवर हातोडी मारत हिंडतो तोच? मोठा आलाय."

"नुसतं भूल देणाऱ्यांना सांगायचंय. एक वाक्य."

आई थांबली. म्हणजे जागच्या जागी पाय बदलत उभी राहिली. "एक वाक्य बोलून बघ तिथे. त्याच पावली घरी येईन. खडे पोटात घेऊन मरेन, पण टेबलावर चढणार नाही."

ती बोलते ते करते, यात वाद नाही. आणि खडे तिला सुखानं मरूही देणार नव्हते. गेल्या महिन्यात दोनदा तिला कळ आली तेव्हा ही बाई, जिनं कधी डोकं दुखतं म्हणून सांगितलं नाही, भिंतीला कपाळ लावून उभी होती. पित्ताशयात पू झाला तर उपयोग नाही, लवकर उरका, असं सर्जननं बजावलं होतं. म्हणजे बोललो तर ती ऑपरेशन करून घेणार नाही, आणि न बोललो तर टेबलावर तिचा श्वास अडकेल. मी ताईकडे पाहिलं. ताई म्हणाली, "मला मध्ये घेऊ नकोस. माझी नोकरी पायांवर आहे." आणि खिडकीकडे गेली.

त्या आठवड्यात मला झोप लागली नाही. मी अंथरुणात नुसता कूस बदलत होतो आणि बायको म्हणत होती, "झालात ना तुम्हीही त्यांच्यातले."

भुलीच्या तपासणीला आईला मीच घेऊन गेलो. दवाखान्याचा जिना रुंद आणि उंच होता, आईच्या पसंतीला उतरला. तिनं पिशवी माझ्या खांद्याला अडकवली आणि चढायला लागली. चढली, उतरली, पुन्हा चढली. लिफ्टजवळचा माणूस म्हणाला, "आजी, लिफ्ट चालू आहे." आई म्हणाली, "मग तुम्ही जा ना." मी मागे मागे, सवयीनं मुठी उघडमीट करत. तिला एकटीला कळ आली असती तर काय, म्हणून मला चढावंच लागलं. वर पोचलो तेव्हा आम्ही दोघंही घामाघूम, आणि लोण्यासारखे मऊ.

भूल देणाऱ्या डॉक्टरबाई चाळिशीच्या असतील. डोळ्यांखाली जागरणं दिसत होती, आवाज मात्र नरम होता. त्यांनी आईचं तोंड उघडायला लावलं, मान मागे करायला लावली, छाती ऐकली. "घरात आधी कोणाला भुलीचा त्रास झालाय?"

"नाही," आई म्हणाली. प्रश्न संपायच्या आत.

आता नाही तर कधीच नाही, असं वाटून मी बोललो. आमचे स्नायू आवळले की लवकर सुटत नाहीत, एका डॉक्टरांनी सांगितलंय, अंग ढिलं करायच्या औषधानं उलटं होईल. बोलताना मी आईकडे पाहिलं नाही.

"आजाराचं नाव काय सांगितलं?"

तेच नेमकं डोक्यातून उडालं होतं. "मायो काहीतरी," मी म्हणालो.

"कुठले डॉक्टर?"

"चित्रकलेच्या कॉलेजात आले होते."

आईनं संधी सोडली नाही. "हा तिथे चड्डीवर उभा असतो. डोक्यात वारं गेलंय. तुम्ही लक्ष देऊ नका, बाई. हे घ्या, बघा माझे हात." आणि तिनं आपण होऊन डॉक्टरबाईंचा हात धरला, दाबला आणि चटकन सोडला. पुन्हा दाबला, पुन्हा सोडला. मग खुर्चीतून उठून, बसून, परत उठून दाखवलं.

"आजींचे हात माझ्यापेक्षा चांगले आहेत," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तुमचा बघू?"

मी त्यांचा हात दाबला. सोडला. सहज सुटला. सुटणारच. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. "आम्ही जिना चढून आलोय," मी म्हणालो, आणि ते वाक्य माझ्याच कानांना खुळ्यासारखं लागलं.

"जिना सगळेच चढतात."

"मला थोड्या वेळानं पुन्हा बघा. तिला नाही, मला. मी बाहेर बसतो. नुसता बसतो."

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. दारात रांग होती. "बाकीचे पेशंट झाले की बघते," त्या म्हणाल्या.

बाहेर आल्या आल्या आई म्हणाली, "चल घरी."

मी बाकावर बसलो. दोन्ही पाय जमिनीवर, हात मांड्यांवर, नजर समोरच्या भिंतीवरच्या खिळ्यावर. हे माझं काम आहे, मला जगात हे एकच येतं. आईला क्षणात कळलं मी काय करतोय. आमच्या घरात आजवर कोणी मुद्दाम थिजलं नव्हतं.

तिनं आधी साधे उपाय केले. "पाणी आण." मी हललो नाही. "ती खिडकी लाव, वारा येतोय." नाही. "तुझ्या बुटाचा बंद सुटलाय." सुटलेला नव्हता. "मानेवर मुंगी आहे तुझ्या." ती असेलही, पण चौथऱ्यावर मी माश्याही सोसल्यात. मग तिनं छत्रीच्या टोकानं माझ्या पोटरीला टोचलं. शेजारच्या बाई सरकून बसल्या. आई माझ्यासमोरून जायची, यायची, जायची, यायची, आणि दर फेरीला काहीतरी पुटपुटायची. माझ्या आत सगळं धावत होतं, छाती, डोकं, सगळं. बाहेर पापणी तेवढी हलत होती.

मग ती माझ्यापाशी वाकली आणि हळू म्हणाली, "ऊठ ना रे बाळा. सगळ्यांसमोर पडशील."

मी केस पांढरे झालेला माणूस आहे. मला तिनं बाळा म्हटल्याला किती वर्षं झाली तिलाही आठवणार नाही. मी उठलोच असतो. पण उठून दोन पावलं टाकली की अंग मोकळं होणार आणि सगळं पाण्यात जाणार. मी खिळ्याकडे बघत राहिलो.

आणि तेवढ्यात तिला कळ आली.

सोंग नव्हतं ते. आई दुखण्याचं सोंग कधी करत नाही, तिचं सोंग असतं ते न दुखण्याचं. तिचा हात बरगडीखाली गेला, चेहऱ्याचा रंग उतरला आणि ती भिंतीला टेकली. छत्री पडली. माझ्यापासून हातभर अंतरावर. मी उठायला हवं होतं. कुठलाही मुलगा उठला असता. शेजारच्या बाईच उठल्या, त्यांनी आईला धरलं, बाकावर बसवलं, पदरानं वारा घातला, आणि माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की ती अजून मला सोलते. "आई ना हो ही तुमची?" त्या म्हणाल्या. तेवढा वेळ मला स्वतःची जितकी शिसारी आली तितकी कोणाची कधी आली नाही. तरी बसून राहिलो.

कळ ओसरत होती तेव्हा दार उघडलं. रांग संपली होती. डॉक्टरबाई आईला बघून लगबगीनं आल्या, आणि मी उभा राहायला गेलो.

पाय सरळ झालेच नाहीत. मी बसल्या आकारात पुढे गेलो आणि तोंडावर आपटलो. डॉक्टरबाईंनी मला उठवायला हात दिला, मी तो धरला, आणि धरलेलाच राहिला.

"सोडा," त्या म्हणाल्या.

"सुटत नाही," मी म्हणालो. नाकातून रक्त येत होतं. "हेच सांगत होतो."

त्यांनी हात ओढला नाही. जमिनीवर माझ्याजवळ बसल्या आणि माझी बोटं बघत राहिल्या. करंगळी सुटली, मग तिच्याशेजारचं बोट, मग बाकीची. "पुन्हा धरा." या वेळी लवकर सुटली. तिसऱ्यांदा आणखी लवकर. चौथ्यांदा कोणाही माणसासारखी.

"जिना," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

मग आईकडे वळल्या. तिचा हात स्वतःच्या मांडीवर घेतला आणि अंगठ्याच्या बुडाशी पेनाच्या टोकानं टकोरा दिला. आईचा अंगठा वाकला आणि तसाच राहिला. तो जिन्याला फसला नव्हता. आई आपल्या अंगठ्याकडे अशी बघत होती, जणू त्यानं तिचं नाव सांगून टाकलं.

"आजी, मघाचाच प्रश्न विचारते. रागावू नका. घरात कोणाला भुलीत काही झालं होतं?"

आईनं तो अंगठा दुसऱ्या हातात झाकला. मग म्हणाली, "भाऊ होता. पाठचा."

मामाबद्दल आम्हाला एवढंच माहीत होतं की तो तरुणपणी भीतीनं मेला. आम्ही सुईला घाबरून रडलो की आई म्हणायची, मामाच्या वळणावर जाऊ नका. त्याचा फोटो घरात नव्हता. त्याचं नाव निघालं की ती खोलीतून निघून जायची, आणि आम्ही समजायचो की तिला त्याची लाज वाटते.

"अपेंडिक्सचं ऑपरेशन होतं," आई म्हणाली. "टेबलावरच गेला. भीतीनं."

"भीतीनं म्हणजे काय झालं?"

"दातखीळ बसवून घेतली त्यानं. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, पोरगा इतका घाबरला की तोंडच उघडेना. नळी जाईना आत. काळानिळा पडला म्हणाले."

डॉक्टरबाईंनी पेन खिशात ठेवलं. "आजी, मी तिथे नव्हते, त्यामुळे शपथेवर नाही सांगू शकत. पण ते औषध देतात तेव्हा माणूस आधीच झोपलेला असतो. झोपलेला माणूस घाबरत नाही. तुम्ही सांगताय ते त्या औषधानं होतं. आणि या आजारात फार वाईट होतं."

"म्हणजे तो घाबरला नव्हता?"

"त्याला काही कळलंही नसेल."

आईनं मान हलवली. मग म्हणाली, "आत न्यायच्या आधी मी त्याला जिना चढवला. तीन-चारदा. पोटात दुखतंय म्हणत होता. मी म्हटलं, चढ, नाहीतर डॉक्टर काय म्हणतील." तिनं हे अगदी साध्या आवाजात सांगितलं, किराणा काय आणला ते सांगावं तसं. डॉक्टरबाईंनी तिचा हात मांडीवरून खाली ठेवला नाही. माझा रुमाल नाकाला होता, तोंड लपवायला मला ते बरं निमित्त झालं.

ऑपरेशन सुखरूप पार पडलं, हे आत्ताच सांगून टाकतो, उगाच कोणाचा जीव टांगणीला लावायची मला हौस नाही. डॉक्टरबाईंनी ते औषध वापरलं नाही, गारठ्यानं स्नायू आवळू नयेत म्हणून आईचं अंग गार पडू दिलं नाही, आणि ती दुपारी शुद्धीवर येऊन नर्सला चादरीची घडी चुकलीय म्हणून बोलली. मला सांगायचंय ते त्या सकाळचं.

ताई आणि मी वॉर्डात येरझारा घालत होतो. ताई एका बाजूनं, मी दुसऱ्या बाजूनं, मध्ये एकमेकांना वाट देत. आई पलंगाच्या काठावर बसली होती. पहाटेपासून तशीच बसली होती, असं शेजारच्या पेशंटनं सांगितलं. पाय खाली, हात मांडीवर. ताईनं दोनदा म्हटलं, "आई, चार फेऱ्या मार ना, बोलावतील आता." आई म्हणाली, "नको."

स्ट्रेचर ढकलत नर्स आली. तरुण होती, घाईत होती. "चला आजी, पटकन या स्ट्रेचरवर."

आई उठायला गेली आणि अर्ध्यावर अडकली. ना बसलेली, ना उभी. मांड्यांना कंप सुटला होता. वॉर्डातल्या सगळ्यांनी माना वळवल्या. ताई धावली, नेहमीसारखं काहीतरी सांगायला, पाय आखडला, मुंग्या आल्या, पण आईनं हात वर करून तिला थांबवलं.

"भीती वाटते का आजी?" नर्सनं विचारलं. "काही होत नाही हो. घाबरायचं नाही."

"घाबरले नाहीये," आई म्हणाली, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशी. "मला आजार आहे. माझे स्नायू लवकर सुटत नाहीत. माझ्या भावाचेही सुटायचे नाहीत." तिनं दम घेतला. "तोही घाबरलेला नव्हता. जरा थांबा."

नर्सनं स्ट्रेचरचा दांडा सोडला आणि ती थांबली.